आडवा वारा

उर्दू शाळेतला निरोप समारंभ असो, स्कॉलरशिप मिळालेल्या मुलांचा सत्कार असो, की एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन, एक शेर हमखास ऐकू येतो. त्यात एक गरुड आहे आणि समोरून येणारा जोराचा वारा आहे. वक्ते तो बहुतेक वेळा इक्बालच्या नावावर सांगतात. प्रत्यक्षात तो सय्यद सादिक हुसेन यांचा आहे. आशय असा की विरोधातला वारा गरुडाला पाडत नाही, उलट वर नेतो. टाळ्या पडतात, पाहुणे चहाला जातात आणि मुलं आपापल्या घरी.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. विमान कधी चालवलेलं नाही. पण उडायला शिकवण्याचा इतिहास वाचायला लागल्यापासून हा शेर ऐकला की मनात एक हिशेब सुरू होतो. शेरात सांगितलेलं विज्ञानालाही मान्य आहे. विमानाला तोलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा. हवेतून ताशी ६० मैल वेगानं येणाऱ्या विमानासमोर २० मैलांचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबानं ते फक्त ४० मैलांनी येतं. हळू टेकतं, कमी जागेत थांबतं. विमानवाहू जहाजंसुद्धा विमानं उडवताना आणि उतरवताना वाऱ्याकडे तोंड करून चालतात, ती याचसाठी. शायर ज्याला ‘बाद-ए-मुखालिफ’ म्हणतात तो विरोधी वारा उतरणाऱ्या वैमानिकाला हवाच असतो. ‘बाद-ए-मुवाफिक’, म्हणजे पाठीवरचा अनुकूल वारा, मात्र उतरताना अडचणीत आणतो. विमान थांबता थांबत नाही.

पण शिकाऊ वैमानिकाची खरी परीक्षा तिसराच वारा घेतो. तो समोरून येत नाही, पाठीमागूनही येत नाही. तो बाजूनं येतो. वैमानिक त्याला क्रॉसविंड म्हणतात, आपण आडवा वारा म्हणू. शेरोशायरीत त्याची फारशी दखल नाही, कारण तो शत्रू वाटत नाही. तो फक्त तुम्हाला तुमच्या रेषेवरून हळूहळू बाजूला सरकवत राहतो.

या आडव्या वाऱ्यात उतरायला शिकवता येतं, हे माणसाला उमगायला वेळ लागला. ते उमगलं म्हणून एकट्यानं उडणं ही मूठभर धाडसी पुरुषांची मिरास राहिली नाही. ती गोष्ट इंग्लंडच्या किनाऱ्यावरून लाहोरला आणि जुहूला कशी पोचली, ते आज सांगायचं आहे.

वारा नेमकं काय करतो

कोकणातली खाडी होडीनं ओलांडताना तांडेलाकडे बघा. पलीकडच्या धक्क्याला लागायचं असेल तर तो होडीचं नाक धक्क्याकडे ठेवत नाही. प्रवाह जिकडून येतो तिकडे थोडं वळवून ठेवतो. होडी तिरपी दिसते, पण जाते सरळ. विमानही आडव्या वाऱ्यात असंच येतं. हवेतला वेग ६० आणि आडवा वारा १५ असेल, तर नाक सुमारे १४-१५ अंश वाऱ्याकडे वळवावं लागतं. खालून बघणाऱ्याला विमान खेकड्यासारखं चालताना दिसतं, म्हणून इंग्रजीत या पद्धतीला खेकड्याचंच नाव आहे.

होडीचं तिथं भागतं, कारण पाण्याला रेघा नसतात. विमानाला मात्र शेवटी चाकं टेकवायची असतात. नाक तिरपं ठेवून टेकलं तर चाकं एकीकडे बघतात आणि विमान दुसरीकडे चाललेलं असतं. पायांवर आडवा मार बसतो, विमान भोवंडून फिरतं, कधी पंख जमिनीला घासतो. म्हणून टेकण्याच्या जरा आधी पायाखालच्या रडरनं नाक धावपट्टीच्या रेषेत आणावं लागतं. तसं केलं की वारा विमानाला लगेच बाजूला ढकलू लागतो. ते थोपवायला त्याच वेळी हातातल्या दांड्यानं वाऱ्याकडचा पंख थोडा खाली झुकवावा लागतो. म्हणजे वारा डावीकडून असेल तर हात डावीकडे आणि पाय उजवीकडे. एरवी वळण घेताना हात आणि पाय एकाच बाजूला चालवायची सवय लावलेली असते. इथे तीच सवय मोडायची. वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं, मग दुसरं. आणि चाकं टेकली म्हणून हात सैल सोडायचा नाही. विमान थांबेपर्यंत वारा थांबलेला नसतो.

यात गणितही आहे. वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो. ४५ अंशांना सुमारे सात दशांश, ६० अंशांना जवळजवळ नऊ दशांश, ९० अंशांना सगळाच. दहावीच्या मुलांनी पाठ केलेली साइनची किंमत इथे धावपट्टीवर उपयोगी पडते.

उतरण्याचा विसरलेला धडा

आपल्या समाजात विमानाचा विषय निघाला की अब्बास इब्न फिरनासचं नाव येतंच. नवव्या शतकातल्या कॉर्डोब्यात त्यानं पंख लावून उडी घेतली, असं सतराव्या शतकात अल-मक्करीनं लिहून ठेवलं. मधे जवळपास साडेसातशे वर्षं गेलेली. त्या वर्णनातला बारकावा आपली भाषणं गाळून टाकतात. त्यात म्हटलं आहे की तो उडाला, पण उतरताना त्याच्या पाठीला मार लागला, कारण पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतात हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं आणि त्यानं शेपूट लावलीच नव्हती. ही कथा जितकी खरी मानायची तितकी माना. पण ज्यानं ती लिहिली त्याला अडचण नेमकी दिसली होती. ती उतरण्यातली होती.

महाराष्ट्रात याच जागी शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव घेतात. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, असं सांगतात. त्या काळचा भक्कम पुरावा त्यालाही नाही. फिरनास आमचा आणि तळपदे तुमचा, अशी वाटणी मला करायची नाही. दोन्हीकडच्या अभिमानाची जात एकच आहे: आमच्यातलं कोणीतरी आधीच वर गेलं होतं. खाली कसं आलं, आणि आपली हातोटी दुसऱ्या कुणाला शिकवून गेलं का, हे फारसं कोणी विचारत नाही.

वाऱ्याला टाळण्याचा काळ

२५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ फ्रान्सहून इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरच्या किल्ल्याजवळ पोचला. वारा झोडपत होता. विमान आदळलं, चाकांचा सांगाडा आणि पंखा मोडला, पण तो वाचला आणि जगप्रसिद्ध झाला. त्याच्या विमानाची एक गंमत आहे. पुढची चाकं आपोआप बाजूला वळू शकतील अशी बसवलेली होती. म्हणजे विमान तिरपं टेकलं तरी चाकं चालण्याच्या दिशेला वळावीत. आडव्या वाऱ्याचं उत्तर त्यानं माणसाच्या हातात न ठेवता चाकात शोधलं होतं. ही कल्पना पुढेही मेली नाही. अमेरिकेच्या बी-५२ या प्रचंड बॉम्बफेकी विमानाची चाकंही आडव्या वाऱ्यासाठी वळवता येतात.

पहिल्या काही वर्षांतलं दुसरं उत्तर म्हणजे वारा टाळणं. विमानतळ म्हणजे मोठं गवताळ मैदान. धावपट्टी नव्हतीच, त्यामुळे वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरायचं. शिकाऊंना तर पहाटे किंवा संध्याकाळी, हवा शांत असतानाच न्यायचे. दिवसभर सगळे वारा पडण्याची वाट बघत बसायचे.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ही चैन संपली. वैमानिक हवे होते, तेही लवकर. शिकवणारे बरेचदा आघाडीवरून थकून आलेले. काही विमानांत विद्यार्थ्याच्या हाती वेगळा दांडाच नसे. प्रशिक्षकाच्या खांद्यावरून हात घालून पकडायचं, एवढंच शिक्षण. इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य. दोन-तीन तास असं फिरवून माणसाला एकटं पाठवायचे. शिकतानाच मरण पावलेल्यांची संख्या मोठी होती. आणि जे वाचत त्यांच्याबद्दल समजूत अशी की वैमानिक जन्मावा लागतो. घोड्यावर बसता येतं का, असं भरतीच्या वेळी विचारलं जाई. लगाम धरणारा हलका हात खानदानातून येतो, असा तो विश्वास.

‘जन्मावा लागतो’ हे वाक्य निरुपद्रवी वाटतं, पण ते आपल्याबरोबर एक यादी घेऊन येतं. त्या यादीत हिंदुस्थानी माणसं नव्हती. हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डला शिकत होते, तरी ब्रिटिशांच्या हवाई दलानं त्यांना सहज घेतलं नाही. ते फ्रेंचांकडे जायला निघाले, तेव्हा त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकानं वरच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं आणि १९१७ मध्ये दार उघडलं. त्याच युद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर वैमानिक म्हणून लढले आणि १९१८ मध्ये मरण पावले. कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉयनं जुलै १९१८ मध्ये १३ दिवसांत १० विमानं पाडली आणि त्याच महिन्यात तो पडला. वय होतं १९. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ही नावं मला माझ्या शाळेत भेटली नाहीत. ती हवी होती.

यादीत बायकाही नव्हत्या. युद्ध संपल्यावर, १९२४ मध्ये, आंतरराष्ट्रीय हवाई आयोगानं बायकांना व्यावसायिक परवाना देणंच बंद केलं. कारण दिलं ते त्यांच्या शरीराचं. लेडी हीथ या आयरिश वैमानिक बाईंनी त्याविरुद्ध झगडा केला आणि १९२६ मध्ये ती बंदी उठली.

गोस्पोर्टचा मास्तर

रॉबर्ट स्मिथ-बॅरी हा ब्रिटिश हवाई दलाच्या पहिल्या वैमानिकांपैकी एक. ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं विमान कोसळलं आणि दोन्ही पाय मोडले. १९१६ मध्ये तो आघाडीवर एका तुकडीचा प्रमुख झाला. नवे वैमानिक त्याच्याकडे येत, ते धड न शिकता. आणि आल्या आल्या मरत. त्यानं वरिष्ठांना पत्रं लिहिली: दोष पोरांचा नाही, शिकवण्याचा आहे. वरिष्ठांनी म्हटलं असावं, मग तूच शिकवून दाखव. १९१६ संपता संपता त्याच्या हाती पोर्टस्मथजवळच्या गोस्पोर्टची प्रशिक्षण तुकडी दिली गेली. १९१७ मध्ये तिथं प्रशिक्षकांनाच शिकवणारी शाळा उभी राहिली.

बी.एड. झालेल्या माणसानं ही शाळा जरूर समजून घ्यावी. स्मिथ-बॅरीनं चार गोष्टी केल्या. एक, विद्यार्थ्याला पहिल्यापासून मुख्य वैमानिकाच्या जागी बसवलं. गुरुजी प्रवाशाच्या जागी. दोन, दोघांच्याही हाती चालवण्याची पूर्ण साधनं असलेलं एकच विमान, अ‍ॅव्हरो ५०४, शिकवण्यासाठी ठरवलं. तीन, दोघांमध्ये बोलण्याची नळी बसवली. एका टोकाला गुरुजींचं तोंड, दुसऱ्या टोकाला शिष्याचे कान. ही नळी पुढे ‘गोस्पोर्ट ट्यूब’ म्हणून जगभर गेली. आता हातावर चापट मारण्याऐवजी त्या क्षणी कारण सांगता येऊ लागलं: पंख का झुकला, नाक का वळलं, पाय कुठे हवा.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. ज्या ज्या गोष्टीला लोक भीत होते, ती त्यानं अभ्यासक्रमात घातली. गिरक्या खात कोसळणारं विमान सावरणं, बाजूला घसरत उतरणं, आणि वाऱ्याला आडवं उडणं व उतरणं. मैदान गोल होतं, वाऱ्याकडे तोंड करून उतरता आलं असतं. तरीही तो मुद्दाम आडवं उतरायला लावी. कारण इंजिन बंद पडलं तर खाली जे शेत सापडेल ते वाऱ्याच्या दिशेनं नांगरलेलं असेलच असं नाही. शिवाय आडव्या वाऱ्यात हात, पाय आणि डोळे तिघांनाही वेगळं काम करावं लागतं. ज्याला ते जमलं त्याला विमान समजलं. विद्यार्थ्याला संकटापासून दूर ठेवायचं नाही, संकटातून बाहेर येण्याची वाट दाखवायची आणि मग तेच त्याला एकट्यानं करायला पाठवायचं, असं त्याचं सूत्र होतं.

आम्ही अध्यापनशास्त्रात हर्बार्टची पंचपदी शिकलो. पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. आमच्या सराव पाठांत शेवटच्या पायरीला उरत दोन-तीन मिनिटं, तीही घंटेच्या आत उरकलेली. गोस्पोर्टला सगळा पाठ उपयोजनासाठीच होता, आणि त्या पायरीवर गुरुजी विमानात नसत.

लाहोर, जुहू आणि एक नाव

युद्धानंतर ही पद्धत ब्रिटिश हवाई दलाची झाली आणि तिथून नागरी क्लबांत उतरली. १९२५ मध्ये डी हॅविलंडचं ‘मॉथ’ आलं: दोन माणसांचं, दुहेरी साधनांचं, बोलण्याच्या नळीचं, हलकं आणि त्या मानानं स्वस्त. १९२८ च्या सुमारास हिंदुस्थानात सरकारी मदतीनं फ्लाइंग क्लब सुरू झाले, मुंबईचा जुहूला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. एकट्यानं उडण्याआधी त्यांना प्रशिक्षकाबरोबर पावणेचार तास पुरले होते.

त्याच सुमारास तिसरे आगा खान यांनी इंग्लंड आणि हिंदुस्थानदरम्यान एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या हिंदुस्थानी माणसाला ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. १९३० मध्ये ते १७ वर्षांच्या अस्पी इंजिनिअर या पारशी मुलानं जिंकलं. प्रतिस्पर्धी होते खुद्द जे. आर. डी.; दोघं उलट दिशांनी येताना इजिप्तमध्ये भेटले आणि अस्पीला हवा असलेला स्पार्क प्लग जे. आर. डीं.नी दिला. हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. मुस्लिम इमामाचं बक्षीस, पारशी विजेता, पारशी मदतनीस. आमच्या भाषणांत फिरनासला जेवढी मिनिटं मिळतात, त्यातली दोन इथे द्यायला हरकत नाही.

जुहू म्हणजे तेव्हा समुद्राकाठची चिखलट सपाटी. भूगोलात आपण शिकवतो: रात्री मतलई वारे, दिवसा खारे वारे. दुपारनंतर खारा वारा भरला की समुद्राकाठच्या मैदानात तो पुस्तकातला राहत नाही. पावसाळ्यात तर जुहू पाण्याखाली जाई आणि टाटांची टपालविमानं पुण्याला हलत.

आणि आता लाहोर. उर्दू वाचणाऱ्यांना हिजाब इम्तियाज अली हे नाव नवं नाही. जन्म दख्खनच्या हैदराबादचा, आई अब्बासी बेगमही लेखिका. हिजाब यांच्या कथा-कादंबऱ्यांत जुन्या हवेल्या, चांदणं, समुद्र आणि हळवी माणसं असतात. लग्न झालं ते ‘अनारकली’ नाटकाचे लेखक इम्तियाज अली ताज यांच्याशी. ज्या नाटकातली अनारकली पुढे ‘मुघल-ए-आझम’मधून घराघरांत पोचली. उर्दूच्या वर्गात इथपर्यंत सांगून धडा संपतो. पण याच हिजाब लाहोर फ्लाइंग क्लबमध्ये विमान शिकल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पहिल्या मुस्लिम महिला वैमानिक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांचं लेखनातलं नाव हिजाब होतं, यावर कुणी शब्दांचे खेळ करतं, कुणी वाद घालतं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या शिकल्या.

त्याच वर्षी, त्याच शहरात, २१ वर्षांच्या सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथ एकट्यानं उडवत होत्या. घरी चार वर्षांची मुलगी होती. १९३९ मध्ये वैमानिक पती अपघातात गेले, युद्धामुळे नागरी प्रशिक्षण थांबलं आणि व्यावसायिक वैमानिक होण्याचा त्यांचा बेत अर्धा राहिला. मग त्या लाहोरलाच चित्रकला शिकल्या आणि फाळणीनंतर दिल्लीत कापडांवरच्या नक्षीच्या व्यवसायात नाव केलं.

हे मॉथ म्हणजे काय होतं, ते लक्षात घ्या. शेपटीखाली चाकाऐवजी घसरती पट्टी, ब्रेक नाहीत, बसायची जागा उघडी. हवेतला वेग ताशी ४०-४५ मैलांच्या आसपास आला की उतरायचं. अशा विमानाला २० मैलांचा आडवा वारा म्हणजे त्याच्या स्वतःच्या वेगाच्या जवळजवळ निम्मा. परवान्याच्या परीक्षेत दोन खुणांभोवती इंग्रजी आठच्या आकारात फिरून, ठरवलेल्या जागेजवळ उतरायचं असे, आणि विमानात दुसरं कोणी नसे. तिथं हलका हात खानदानातून आला की नळीतून आलेल्या शब्दांतून, हे वारा विचारत नाही.

आजचा नियम

दुसऱ्या महायुद्धात विमानं जड झाली, गवत पुरेना, सिमेंटच्या धावपट्ट्या आल्या. मग वारा निवडणं संपलं. ब्रिटिशांनी बॉम्बफेकी विमानांच्या तळांवर तीन धावपट्ट्या एकमेकींशी सुमारे ६० अंशांनी बांधल्या. हिशेब करा: दोन्ही टोकं धरून सहा दिशा, म्हणजे वारा कुठूनही आला तरी कोन ३० अंशांपेक्षा जास्त नाही आणि आडवा जोर निम्म्यापेक्षा जास्त नाही. पण तीन धावपट्ट्यांची ऐपत आणि जागा सगळीकडे कुठून असणार? आपल्याकडे बारामती, धुळे, गोंदिया इथं मुलं विमान शिकली आहेत, शिकत आहेत. तिथं धावपट्टी एकेकच. वाऱ्यानं तिच्याशी जुळवून घ्यावं, अशी अपेक्षा करता येत नाही.

म्हणून अमेरिकेच्या नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे की विद्यार्थ्याला एकट्यानं पाठवण्याआधी साध्या आणि आडव्या वाऱ्यातल्या, दोन्ही प्रकारच्या उड्डाण-उतरण्याचं शिक्षण दिलेलं असलं पाहिजे. त्यात एक शहाणपण आहे. पहिल्या एकट्या उड्डाणाला प्रशिक्षक शांत दिवसच निवडतो. पण वर गेल्यावर वारा फिरू शकतो, आणि तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी असते.

आणखी दोन गोष्टी मला शिक्षिका म्हणून मोलाच्या वाटतात. सेसना १७२ या शिकण्याच्या लोकप्रिय विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा दिलेला असतो: १५ नॉट. तो आकडा चाचणीत करून दाखवलेला आहे. विमानाची शेवटची हद्द म्हणून दिलेला नाही. नवशिक्यासाठी प्रशिक्षक त्याहून कमी आकडा ठरवतो आणि जमेल तसा वाढवतो. दुसरी गोष्ट, रेषा जुळत नसेल तर पुन्हा वर जायचं, फेरी मारून परत यायचं. यात नापास होणं नाही. हा निर्णय वेळेवर घेता येणं, हाच धड्याचा भाग.

आपल्या वर्गात

उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुलगी अकरावीला इंग्रजी किंवा मराठी वर्गात जाऊन बसते, तेव्हा तिच्या समोर शत्रू उभा नसतो. बहुतेक वर्गमित्र चांगले असतात, शिक्षकही. पण फळ्यावरची भाषा, कार्यालयातला अर्ज, बँकेतली खिडकी, ‘तुमच्यात मुलींना शिकवतात का’ हा हसत विचारलेला प्रश्न, हे सगळं बाजूनं लागत राहतं. ती थोडी थोडी सरकते. एक दिवस वर्गात दिसत नाही. विरोधी वाऱ्याचा शेर तिनं पाठ केलेला असतो. या वाऱ्याचा धडा तिला कुणी दिलेला नसतो.

आपण दोन टोकांना राहतो. काही शाळा आणि काही घरं मुलांना शांत हवेतच ठेवतात: आपली भाषा, आपला मोहल्ला, पहाटेची आणि संध्याकाळची हवा. काही जण एकदम एकटं सोडतात आणि पडलं की म्हणतात, तिच्यात नव्हतंच ते. गोस्पोर्टच्या आधी नेमकं हेच चाललं होतं, आणि किंमत शिकणारे मोजत होते.

माझ्या आठवीच्या वर्गात मी गेली काही वर्षं एक साधं काम करते. टपाल कार्यालयात, बँकेत, तलाठ्याकडे लागणारे अर्ज मराठीत भरायचे आणि तिथं मराठीतच बोलायचं. पहिल्या वेळी मी बोलते, मुलगी ऐकते. दुसऱ्या वेळी ती बोलते, मी बाजूला उभी राहते आणि अडलं तर हळूच शब्द देते. तिसऱ्या वेळी मी शाळेतच थांबते. कोणी अर्धा अर्ज भरून परत आली, तर चूक कुठे अडली ते बघतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवते. आधी टपाल कार्यालय, कारण तिथली हवा हलकी. तलाठी सर्वांत शेवटी.

हिजाब इम्तियाज अलींचा पाठ शिकवताना आता मी त्यांच्या चांदण्या रात्रींबरोबर लाहोरचं ते उघडं मॉथही फळ्यावर काढते. पंख, दांडा, रडर, बाजूनं येणारा बाण. मुली विचारतात, मग त्यांनी नाक कुठे वळवलं? मी खडू त्यांच्याच हाती देते.